संगणकाच्या नावानं चांगभलं

सुपरहिरोचा इंग्रजी सिनेमा सुटला, की पार्किंगमधून गाडी काढता काढता एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘आपल्याला नाही बुवा हे जमायचं.’ म्हणणारा कधी इंजिनियर असतो, कधी प्राध्यापक, कधी नुकताच आठवीत गेलेला त्याचा मुलगा. गंमत म्हणजे स्वर दुःखाचा नसतो, चांगला तृप्त असतो. आपल्याला काय काय जमत नाही याची यादी तोंडपाठ असणं हे हल्ली सुशिक्षितपणाचं लक्षण झालं आहे.

मत नीट मांडून घेऊ, उगाच अन्याय नको. थॉरनं नुसता हात पुढे केला की त्याचा हातोडा आभाळ चिरत येऊन मुठीत बसतो. आयर्न मॅनच्या अंगावर चिलखत तुकड्यातुकड्यानं चढतं. कॅप्टन अमेरिकाची ढाल तीन जणांना लोळवून परत हातात येते. हे सगळं खरं वाटतं. आणि आपल्याकडे? देवानं चक्र सोडलं की ते जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखं दिसतं. दोन बाण आभाळात समोरासमोर येऊन ठिणग्या उडवतात, आणि आपण घरच्या घरी हसतो. असं का? तर त्यांच्याकडे पैसा आहे, संगणक आहेत, शिकलेली माणसं आहेत. आपल्याकडे यातलं काहीच नाही, कधी नव्हतं, आणि जे होतं ते दोरीला टांगलेलं होतं. संपलं मत. ऐकायला ते इतकं शहाणपणाचं वाटतं की तपासून पाहायचं कुणाच्या मनातच येत नाही.

इतिहासापासून सुरुवात करतो, कारण तो आमच्या नाशिकचा आहे. धुंडिराज गोविंद फाळके 1870 साली त्र्यंबकेश्वरला जन्मले. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्याच वर्षी त्यांनी सगळं बिऱ्हाड नाशिकला हलवलं. ‘मोहिनी भस्मासूर’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्ण जन्म’, ‘कालिया मर्दन’ ही सगळी नाशिकची कामं. 1918 साली निघालेली हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीही इथलीच. 1944 च्या फेब्रुवारीत फाळके गेले तेही इथेच. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. बाग आहे, कारंजी आहेत. ‘आपल्याला जमायचं नाही’ म्हणणाऱ्या बहुतेकांनी तिथे सहकुटुंब फोटो काढलेला असतो.

आता 1917 च्या ‘लंकादहन’मधला उडणारा मारुती घ्या. गणपत शिंदे मारुती झाले होते. संगणक नव्हता, निळा पडदा नव्हता. कॅमेरा हातानं फिरवायचा आणि उजेड सूर्याचा. त्या काळी एका चौकटीत दोन चित्रं बसवायची म्हणजे काय करावं लागे? भिंगासमोरचा अर्धा भाग काळ्या कागदानं झाकायचा, चित्रण करायचं, कॅमेऱ्याच्या हँडलचे फेरे मनात मोजत राहायचं. मग झाकण ठेवून तीच फिल्म तेवढेच फेरे उलटी फिरवायची, आता दुसरा अर्धा भाग झाकायचा आणि पुन्हा चित्रण करायचं. एक फेरा चुकला, नटाचा हात अदृश्य रेषेपलीकडे गेला, मध्येच ढग आला, तर सगळं वाया. आणि वाया गेलंय हे कळणार कधी? रात्री फिल्म धुतल्यावर. फिल्मला कडेची भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंत सरस्वतीबाई फाळके स्वतः राबत होत्या. ज्याला तुम्ही ‘दोरीला टांगलेलं’ म्हणता, त्यामागे हा असा हिशेब होता.

आणि समोरचे लोक काय करत होते? 1948 साली, म्हणजे ‘लंकादहन’नंतर एकतीस वर्षांनी, कोलंबिया कंपनीनं अमेरिकेत सुपरमॅनची चित्रमालिका काढली. कर्क अलिन हा देखणा नट सुपरमॅन झाला होता. तो उडी मारायला वाकायचा, आणि पुढच्या क्षणी पडद्यावर उडायचं ते हातानं काढलेलं कार्टून! जमिनीवर उतरताना पुन्हा जिवंत माणूस. ज्या देशात सुपरमॅन जन्मला, त्या देशातल्या स्टुडिओला त्याला उडवता येईना, म्हणून तो रंगवून काढला. एवढं मान्य करतो, की 1941 सालच्या कॅप्टन मार्व्हलच्या मालिकेत रिपब्लिक कंपनीच्या लिडेकर बंधूंनी तारेवरून माणसाएवढी बाहुली सोडून सुंदर उड्डाण साधलं होतं. पण तारच ती! अमेरिकेची तार म्हणजे तंत्र आणि आपली तार म्हणजे दोरी, हा न्याय कुठला?

इथे एक चलाख उत्तर तयार असतं. ‘अहो, फाळक्यांच्या वेळचा प्रेक्षक भाबडा होता. राम दिसला की हात जोडायचा. त्याला काहीही चाललं असतं.’ असं? मग त्याच भाबड्या प्रेक्षकाला गावोगाव फुकटात कीर्तन मिळत होतं, देवळात राम रोज दिसत होता. तो तिकीट काढून अंधारात का बसला? ‘लंकादहन’च्या गल्ल्याची नाणी मद्रासेत पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीतून न्यावी लागली, असं सांगतात. नुसत्या भक्तीनं गाडीभर नाणी जमत असती, तर पुढच्या काळात धडाधड आपटलेल्या पौराणिक चित्रपटांच्या निर्मात्यांनी असं काय पाप केलं होतं?

फाळक्यांची करामत कुठे होती ते बघायचं तर ‘श्रीकृष्ण जन्म’चा वाचलेला तुकडा पाहावा. कृष्णाची ताकद दाखवायची आहे. आजचा दिग्दर्शक काय करील? कृष्णाच्या भोवती तेजाचं वलय, जमीन फाटणार, गाई हवेत उडणार. फाळके कंसाकडे कॅमेरा वळवतात. कंसाला भास होतो. जिकडे बघावं तिकडे कृष्ण, एक नव्हे, अनेक. आणि मग त्याचं स्वतःचंच डोकं धडावेगळं होऊन वर जातं आणि पुन्हा खाली येऊन बसतं. संपूर्ण चमत्कार घडतो तो घाबरलेल्या माणसाच्या मनात. देवाला बोट उचलावं लागत नाही, आणि तरी प्रेक्षकाला कळतं की या मुलाशी गाठ आहे. 1918 साली हे सुचलेला माणूस आमच्या गावात राहत होता, आणि आम्ही मात्र तासभर इमारती पाडणाऱ्या सिनेमाला ‘काय व्हीएफएक्स आहेत!’ म्हणून टाळ्या पिटतो.

त्याहून बोलका दाखला ‘कालिया मर्दन’चा आहे, 1919 चा. यमुनेत उडी आहे, पाण्याखाली नागाशी झुंज आहे, म्हणजे आजच्या भाषेत भरपूर ‘ॲक्शन’. पण सिनेमा सुरू कशानं होतो? फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सात वर्षांची, ती पडद्यावर येते आणि नुसते हावभाव करून दाखवते. आनंद, राग, आणखी काय काय. मग तिचाच कृष्ण होतो. युक्तीच्या चित्रणात देशात कुणी हात धरणार नाही अशा माणसानं आपल्या सर्वांत मोठ्या चमत्कारपटाची सुरुवात एका पोरीच्या चेहऱ्यानं केली. नागापेक्षा चेहऱ्यावर त्याचा भरवसा जास्त होता.

आता पैसा. हा युक्तिवाद लोकांना फार आवडतो, कारण तो केला की पुढे विचार करावा लागत नाही. फाळक्यांचा पैसा म्हणजे विम्याच्या पॉलिसी आणि बायकोचे दागिने. भांडवलदाराला पटवायला त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभराचं रोप पडद्यावर मिनिटभरात वाढवून दाखवलं. खर्च किती? एक कुंडी आणि दांडगा धीर. उलट टोकाला 2023 चा ‘आदिपुरुष’. विषय तोच, मारुती आणि लंका. शेकडो कोटींचा खर्च झाल्याचं सांगितलं गेलं. 2022 च्या ऑक्टोबरात झलक आली, लोकांनी ती अशी धुतली की जानेवारीचं प्रदर्शन जूनवर गेलं. सहा महिने ग्राफिक्सची डागडुजी झाली. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्रदर्शनानंतर मारुतीच्या तोंडचे संवादसुद्धा बदलावे लागले. मारुतीच्या शेपटीला आग तीच, रावण तोच, मधे एकशे सहा वर्षं आणि संगणकांच्या फौजा. पैशानं हे होत असतं, तर ‘आदिपुरुष’ बघून आपण तोंडात बोटं घातली असती. घातली का?

शिकलेली माणसं नाहीत, हेही एक. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ आठवतो? त्या कामाला 2013 साली ऑस्कर मिळालं. ते करणाऱ्या ऱ्हिदम अँड ह्यूज या अमेरिकी कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादलाही होते. (बाहुली घेऊन मंचावर जाण्याच्या काही दिवस आधीच ती कंपनी दिवाळखोरीत निघाली होती; ‘त्यांच्याकडे पैसा असतो’ म्हणणाऱ्यांनी हेही टिपून ठेवावं.) हॉलिवूडच्या मोठमोठ्या सिनेमांच्या शेवटी नावांची जी लांबलचक यादी वर सरकत जाते, तिच्यात देशपांडे, कुलकर्णी, पाटील, रेड्डी दिसतात. पण आपण ती यादी बघतच नाही. तोवर आपण पार्किंगमध्ये असतो, ‘आपल्याला जमायचं नाही’ म्हणत.

मग नेमकं काय जमत नाही? थॉरचाच हातोडा घेऊ. 2011 च्या पहिल्या ‘थॉर’मध्ये त्या हातोड्याचा सर्वांत जबरदस्त प्रसंग कुठला? तो उडतो तेव्हाचा? वीज पाडतो तेव्हाचा? छे. बाप मुलाला उन्मत्तपणाची शिक्षा म्हणून शक्ती काढून घेऊन पृथ्वीवर फेकतो, आणि हातोड्यावर अट घालतो की लायक असेल त्यानंच उचलावा. हातोडा न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पडतो. आजूबाजूचे लोक जत्रेला जमावेत तसे जमतात, एकेक जण जोर लावतो, कुणी साखळी बांधून गाडीनं ओढतो. गाडीचा मागचा भाग उखडून येतो, हातोडा ढिम्म. मग रात्री, पावसात, पहारे फोडून, खुद्द थॉर तिथे पोचतो. मूठ धरतो. ओढतो. आणि तो त्याच्याच्यानं हलत नाही. चिखलात गुडघे टेकून तो आभाळाकडे बघत ओरडतो. या प्रसंगाला काय लागलं? पाऊस, चिखल, एक लाकूडधातूचा हातोडा आणि ख्रिस हेम्सवर्थचा चेहरा. नाशिकच्या कुठल्याही हौशी नाट्यसंस्थेच्या खर्चात बसेल एवढंच.

पुढे 2015 च्या ‘एज ऑफ अल्ट्रॉन’मध्ये पार्टीत बसून सगळे वीर तोच हातोडा उचलायचा खेळ खेळतात, आणि कॅप्टन अमेरिकाच्या हातात तो केसभर हलतो. थॉरचं हसू क्षणभर मावळतं. चार वर्षांनी ‘एंडगेम’मध्ये कॅप्टन तो उचलतो तेव्हा थिएटरं दणाणली. का? हातोडा चमकला म्हणून? आठ वर्षं प्रेक्षकाला तो लायक नसलेल्या कुणाच्यानं उचलत नाही हे दाखवून ठेवलं होतं म्हणून. हे समजायला मराठी माणसाला मार्व्हल कशाला हवं? शिवधनुष्याच्या गोष्टीत दुसरं काय आहे? रावणाची छाती धनुष्याखाली दबते, राजे घाम पुसत मागे होतात, तेव्हा कुठे राम उठतो. लहानपणी आजीकडून आपण ही गोष्ट ऐकली ती राजांच्या फजितीसाठी. धनुष्याचा रंग कुठला होता हे कुणी विचारलं होतं?

शस्त्राला पडद्यावर वजन येतं ते त्याच्या अटीनं, आणि ते वापरायची जी किंमत मोजावी लागते तिनं. 2000 सालच्या ‘एक्स-मेन’मध्ये वुल्व्हरिनच्या मुठीतून पोलादी नखं बाहेर येतात. एक मुलगी त्याला विचारते, बाहेर येताना दुखतं का? दर वेळी दुखतं, असं तो सांगतो. एका प्रश्नोत्तरात त्या नखांना जी धार आली ती कुठल्या संगणकानं आणली? आणि हे आपल्याला नवीन आहे का हो? कर्णाची वासवी शक्ती एकदाच चालणार; ती त्याला अर्जुनासाठी राखायची असते आणि घटोत्कचावर खर्च करावी लागते. ब्रह्मास्त्र ऐन वेळी आठवणार नाही, असा शाप. अटी आणि किमती यांचा एवढा खजिना जगात दुसऱ्या कुणापाशी असेल, तर दाखवा. फाळक्यांनी नाशिकला आल्यावर पहिल्यांदा हात घातला तोही भस्मासुराला. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म. महाशक्ती आहे, आणि तिच्याच पोटात तिचा नाश आहे. मोहिनी नाचते, तो तिच्यासारखा नाचतो, आणि स्वतःच्या डोक्यावर हात ठेवतो. मोहिनी झाल्या होत्या कमलाबाई गोखले. महाशक्तीच्या महानायकाला मात द्यायला त्यात शस्त्रच नाही, एक नाच आहे! आजच्या पटकथाकाराला ही गोष्ट दिली तर तो आधी भस्मासुराच्या तळहातातून निळा झोत काढील.

आमच्या पिढीनं इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ वाचला. डेंकालीच्या जंगलातला तो चालतं-बोलतं भूत म्हणवणारा बाबा. त्याला उडता येत नव्हतं, गोळी लागली तर रक्त येत होतं. जवळ दोन पिस्तुलं आणि एक अंगठी, जिच्या ठोशानं गुंडाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उठायचा आणि जन्मभर जायचा नाही. एवढ्या भांडवलावर त्यानं वाड्यावाड्यांतल्या पोरांची दुपार काबीज केली होती. 1996 साली हॉलिवूडनं त्याच्यावर सिनेमा काढला, आणि जादूच्या कवट्या एकत्र करून जग जिंकण्याच्या भानगडीत तो ठसा बाजूला पडला. बघा, ‘त्यांना’ही नेहमी जमतं असं नाही.

आता दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द, नाहीतर ते उगाच खूश होतील. ‘हे सगळं आपल्याच पुराणांतून चोरलंय, थॉरचा हातोडा म्हणजे इंद्राचं वज्र,’ असं म्हणणारे. थॉर हा उत्तर युरोपातल्या लोकांचा जुना देव आहे, हातोडाही त्यांचाच. 1962 साली मार्व्हलनं तो कॉमिकमध्ये आणला. वज्र आणि हातोडा यांचं नातं लावणारे पंडित असतील, पण त्या नात्यानं आपल्या पडद्यावरचं वज्र सुधारणार आहे का? आजोबांकडे हत्ती होता म्हणून नातवाला माहूत म्हणून नोकरी कोण देतं? ‘जमत नाही’वाला आणि ‘सगळं आपलंच’वाला, दोघांचं एका बाबतीत एकमत आहे : स्वतः काही करायचं नाही.

शेवटचा आक्षेप असा येतो, की आजच्या मुलांना चकचकाट लागतो, साधं काही चालत नाही. 1997 पासून दूरदर्शनवर मुकेश खन्नांचा शक्तिमान गरगर फिरला, तेव्हाची ग्राफिक्स आज बघवत नाहीत. तरी त्या काळची अख्खी पिढी अंगणात गरगर फिरून पडली. मल्याळममध्ये 2021 साली ‘मिन्नल मुरली’ आला. गावातल्या एका शिंप्यावर वीज पडते, त्याला शक्ती मिळते, आणि सगळ्यांनी वेडा ठरवलेल्या दुसऱ्या एका दुखावलेल्या माणसालाही. सिनेमा गाजला तो त्या दुसऱ्या माणसामुळे. 2024 चा तेलुगू ‘हनुमान’ बड्या बजेटांच्या मानानं चिल्लरीत झाला आणि बड्याबड्यांना भारी पडला. आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, मोखाड्याच्या पाड्यांवर बोहाडा होतो तो? रात्रभर सोंगं येतात. जड मुखवटा डोक्याला कापडानं आवळलेला, बघायला जेमतेम फट, हातात शस्त्र, समोर संबळ. देवी आणि महिषासुराची झुंज लागते तेव्हा पोरंटोरं आईच्या पदराआड जातात. त्या मुखवट्यामागे गावातलाच ओळखीचा माणूस आहे हे पोरांना ठाऊक असतं. मोबाइलवर मार्व्हल बघणारी पोरंच आहेत ती, दुसऱ्या युगातली नाहीत.

त्यामुळे मराठी किंवा हिंदी पडद्यावर चक्र सोडणाऱ्या, गदा फिरवणाऱ्या, छातीवर चिन्ह लावून छपरांवरून उड्या मारणाऱ्या पुढच्या वीराच्या निर्मात्यांना सांगणं एवढंच, की तुमच्या जाहिरातीत किती शॉट व्हीएफएक्सचे आहेत आणि किती देशांतले तंत्रज्ञ राबले ते छापू नका. तुमच्या वीराचं शस्त्र कधी चालत नाही ते सांगा. ते उचलल्यावर त्याचं काय जातं ते सांगा. ते हातातून निसटलं तर तो कुणाच्या दारात उभा राहील ते सांगा. पहिल्या दहा मिनिटांत याचं उत्तर मिळालं नाही, तर थिएटरात हशा पिकेल आणि तो पिकलाच पाहिजे. आणि हसून बाहेर पडल्यावर पार्किंगमध्ये ‘आपल्याला जमायचं नाही’ म्हणणाऱ्यानं आपल्याच शहरातल्या एका माणसाचं नाव घेऊन तसं म्हणून दाखवावं.